विमान-कर्मचारी, चाचणी आणि चाळीस दिवस

शिक्षकांच्या एका शिबिरात विषाणूंवरचे माझे बोलणे संपल्यावर एका शिक्षिकेने विचारले, "कोविडच्या काळात परदेशातून आलेल्या माणसाला चाचणीही करावी लागे आणि वर चौदा दिवस वेगळेही राहावे लागे. चाचणीत काही निघाले नाही, म्हणजे तो निरोगीच ना? मग थांबवायचे कशाला? आणि विमान चालवणाऱ्यांचे काय? ते तर सारखेच परदेशातून येत होते."

त्या दिवशी मी घाईत काहीतरी उत्तर दिले, पण माझेच समाधान झाले नाही. पुढे विचार करताना लक्षात आले, की बाईंचे दोन प्रश्न हा खरे तर एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधायला साडेसहाशे वर्षे मागे जावे लागते.

थांबणे हीच चाचणी

एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर रागुसा नावाचे बंदर होते. आज ते क्रोएशियातील दुब्रोवनिक म्हणून ओळखले जाते. १३७७ साली तेथील नगरसभेने ठरवले, की प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्यापूर्वी ३० दिवस बाहेर थांबावे. पुढे व्हेनिस आणि इतर बंदरांत ही मुदत ४० दिवसांची झाली. चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द आला.

त्या काळी जिवाणू कोणाला ठाऊक नव्हते, मग चाचणी कुठून असणार? तरीही या नियमामागे एक अचूक निरीक्षण होते. रोग शरीरात शिरला, तरी तो लगेच दिसत नाही. काही दिवस तो दबा धरून बसतो. या काळाला आपण आज अधिशयन काळ म्हणतो. हा काळ उलटून जाईपर्यंत माणूस धडधाकट राहिला, तर त्याच्यात रोग नव्हता असे म्हणता येते. म्हणजे थांबणे हीच चाचणी होती. ती ओबडधोबड होती, खर्चिक होती, पण तिच्यात लबाडी नव्हती.

प्रवासालाच कित्येक महिने लागत, तोवर चाळीस दिवस थांबणे व्यापाऱ्यांना कसेबसे परवडे. शिवाय लांबच्या सागरी प्रवासात रोग बहुधा वाटेतच प्रकट होई. बंदरात शिरणाऱ्या जहाजाची अवस्था पाहूनच बरेच काही कळत असे. वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हे गणित बिघडले. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणारा मुंबई ते इंग्लंड हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांवर आला. आता थांबण्याचा काळ प्रवासाहूनही मोठा ठरू लागला.

यावर १८९२ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक तोडगा निघाला. संशयित जहाजाने कालव्यात अडकून पडू नये, 'क्वारंटाइनमध्ये राहूनच' तो पार करावा. अट एकच, किनाऱ्याशी संबंध येऊ द्यायचा नाही. थांबू नका, पण शिवूही नका, असा तो नियम होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये पुन्हा परिषद भरली. या वेळी मुंबईहून निघणाऱ्या बोटी हा साऱ्या युरोपच्या काळजीचा विषय होता. 'थांबू नका, पण शिवूही नका' हे सूत्र लक्षात ठेवा. सव्वाशे वर्षांनी ते विमान-कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

विमान रोगाच्या पुढे धावते

विमानाने तर सगळेच उलटे केले. जहाज रोगापेक्षा हळू चाले, विमान रोगापेक्षा वेगाने जाते. माणूस आधी पोहोचतो आणि आजार नंतर दिसतो. हा धोका ओळखून १९३३ मध्ये हेग येथे हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्य करार झाला. त्यात पीतज्वराची चिंता मोठी होती. पुढे १९४४ च्या शिकागो करारातही विमानांमार्फत होणारा रोगप्रसार रोखण्यासाठी १४ वे कलम घालण्यात आले.

पीतज्वराचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. हा रोग पसरवणारा एडिस डास भारतात मुबलक आहे, पण रोग नाही. म्हणून पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्याकडे आपण लसीचा दाखला मागतो. टोचल्यानंतर दहा दिवसांनी हा दाखला ग्राह्य होतो. दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. हे सहा दिवस कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने ठरलेले नाहीत. पीतज्वराचा अधिशयन काळ तीन ते सहा दिवसांचा असतो, त्यातून ते आले. वैमानिकाने एकदा लस घेतली, की त्याचा प्रश्न मिटतो. पण लस नसलेला नवा रोग आला, तर?

चाचणीला काय दिसते?

जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय क्रम प्रसिद्ध झाला. बर्लिनमधील संशोधकांनी तयार केलेली चाचणीची पद्धत १३ जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी खुली केली. तिचे तत्त्व साधे आहे. नाकातल्या नमुन्यातील विषाणूच्या आरएनएपासून आधी डीएनए बनवायचा, मग त्यातील एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत जायचे. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एका प्रतीपासून सुरुवात केली, तर ३० फेऱ्यांनंतर २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी प्रती होतील! एवढी संवेदनशील चाचणी हाती असताना चाळीस दिवसांची जुनी रीत हवी कशाला, असे कोणालाही वाटेल.

पण जे नमुन्यात आहे, त्याच्याच प्रती निघतात. जे अजून नाकापर्यंत आलेलेच नाही, ते चाचणीला दिसणार कसे? २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी उपलब्ध माहिती एकत्र करून याचा अंदाज बांधला. लक्षणे पाचव्या दिवशी दिसतात असे धरले, तर संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी शंभर टक्के वेळा चुकते. चौथ्या दिवशी ती ६७ टक्के, पाचव्या दिवशी ३८ टक्के आणि आठव्या दिवशी २० टक्के वेळा चुकते. मूळ विषाणूचा अधिशयन काळ सरासरी पाच दिवसांचा होता आणि ज्यांना लक्षणे दिसतात, त्यांतील सुमारे ९७ टक्के लोकांत ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसत. त्यावर थोडी भर घालून चौदा दिवस ठरले. चाचणी हे एका क्षणाचे छायाचित्र आहे. थांबणे म्हणजे सारा काळ नजर ठेवणे. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

ज्यांना थांबता येत नाही

आता दुसरा प्रश्न. एखादा वैमानिक दूरच्या शहरात उतरतो, एक ते तीन दिवस मुक्काम करतो आणि परत उड्डाण करतो. मुक्कामाच्या शहरात त्याला सोमवारी संसर्ग झाला आणि मंगळवारी तो घरी परतला, तर विमानतळावरची चाचणी निगेटिव्हच येणार. ती खोटे बोलत नाही, तिला दिसण्याजोगे अजून काही नसते. ती फार तर त्याच्या आधीच्या मुक्कामाची हकीकत सांगते. त्याला चौदा दिवस थांबवावे, तर महिन्यातून दोन फेऱ्याही धड होणार नाहीत. मग औषधे कोण आणणार? लसी कोण पोहोचवणार? एप्रिल-मे २०२१ मध्ये भारतात आलेली प्राणवायूची यंत्रेही विमानांतूनच उतरली होती.

म्हणून बहुतेक देशांनी कर्मचाऱ्यांसाठी वेगळे नियम केले. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून हवाई प्रवाशांना उड्डाणापूर्वीची चाचणी सक्तीची केली. कामावरील कर्मचाऱ्यांनी ठरवून दिलेली पथ्ये पाळली, तर त्यांना मात्र सूट होती. ऑस्ट्रेलियाने ८ जानेवारी २०२१ रोजी ठरवले, की आंतरराष्ट्रीय विमानांच्या कर्मचाऱ्यांनी दर सात दिवसांनी किंवा आगमनाच्या वेळी चाचणी करावी आणि दोन उड्डाणांमधला काळ नेमून दिलेल्या ठिकाणी वेगळे राहून काढावा. सुएझचेच सूत्र पुन्हा आले. फरक इतकाच, की जहाज कालव्यातून जाताना किनाऱ्याला शिवत नव्हते. वैमानिकाला मात्र विमानतळावरून हॉटेलात जावे लागते आणि तिथे नेणारी मोटार माणूसच चालवतो.

१६ जून २०२१ रोजी सिडनीत अशाच एका चालकाला संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. आंतरराष्ट्रीय विमानांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणे हे त्याचे काम होते. वयाची साठी ओलांडलेल्या या माणसाने लस घेतलेली नव्हती आणि त्याच्या कामासाठी ती सक्तीचीही नव्हती. विषाणू डेल्टा प्रकारचा होता. दहा दिवसांत बृहत्‌ सिडनीत टाळेबंदी लागली आणि ती २६ जून ते ११ ऑक्टोबर अशी १०७ दिवस टिकली. चालकावर टीकेची झोड उठली, पण त्याच्यावर कारवाई करण्याजोगे पोलिसांना काही आढळले नाही. तो नियम मोडत नव्हता. नियमच त्याला विसरला होता.

तैवानमध्ये प्रश्न दिवसांच्या वजाबाकीचा होता. तेथे २०२० साली सलग २५३ दिवस एकही स्थानिक रुग्ण नव्हता. डिसेंबरमध्ये ही मालिका खंडित झाली, ती एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाच्या संसर्गामुळे. त्यानंतर नियम कडक झाले, मग हळूहळू सैल झाले. १५ एप्रिल २०२१ पासून लांबच्या उड्डाणांवरील कर्मचाऱ्यांचे विलगीकरण पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आले. उरलेले अकरा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर स्वतः लक्ष ठेवायचे. काही दिवसांतच वैमानिकांमध्ये आणि विमानतळाजवळील एका हॉटेलात रुग्ण सापडले आणि मे महिन्यात तैपेईत साथ भडकली. तोवर तैवानात कोविडने एकूण १२ मृत्यू झाले होते. वर्षाअखेर हा आकडा आठशेच्या वर गेला. ही सारी साथ त्या एका निर्णयाने आली का, यावर तेथे मोठा वाद झाला. पण वरचे टक्के आठवून पाहा. तीन दिवसांच्या आत केलेली चाचणी कितपत विसंबण्याजोगी होती?

हाँगकाँगने उलट टोक गाठले. फेब्रुवारी २०२१ पासून तेथील कर्मचाऱ्यांना परतल्यावर १४ दिवसांचे विलगीकरण लागू झाले. कॅथे पॅसिफिक कंपनीचे स्वेच्छेने पुढे आलेले वैमानिक तीन आठवडे उड्डाणे, दोन आठवडे खोलीत बंद आणि दोन आठवडे सुटी, असे चक्र जगू लागले. कंपनीच्याच सांगण्यानुसार २०२१ या एका वर्षात तिच्या कर्मचाऱ्यांनी ६२ हजारांहून अधिक रात्री विलगीकरणाच्या हॉटेलांत काढल्या. मालवाहू विमानांच्या वैमानिकांसाठी नियम सौम्य होते. नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टचा मुक्काम करून आलेल्या तीन वैमानिकांना परतल्यानंतर काही दिवसांनी संसर्ग आढळला. त्यांतील एकाचे मूल ज्या शाळेत जाई, तेथील शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना सरकारी विलगीकरण केंद्रात हलवण्यात आले.

आणि चाचणी बिनचूक असली, तरी ती वाचतो माणूसच! ३० मे २०२० रोजी मॉस्कोत अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान उझबेकिस्तानपर्यंत जाऊन परत फिरले. एका वैमानिकाचा अहवाल पॉझिटिव्ह होता, पण तपासणाऱ्यांनी तो निगेटिव्ह म्हणून वाचला होता. सुदैवाने विमानात प्रवासी नव्हते.

यातून काय घ्यायचे?

अमेरिकेने १२ जून २०२२ पासून उड्डाणापूर्वीच्या चाचणीची अट काढून टाकली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. हे नियम आता इतिहासजमा झाले आहेत. पण पुढची साथ येईल, तेव्हा विमान-कर्मचाऱ्यांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहील. त्या वेळी एक गोष्ट आठवावी. चाचणी ही थांबण्याला पर्याय नाही. थांबण्याचे दिवस आपण कमी करतो, तेव्हा जोखीम नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी खांद्यावर जाते. मोटारीचा चालक, हॉटेलातील सफाई कामगार, वैमानिकाचे कुटुंब, त्याच्या मुलाची शाळा यांच्यावर ती पडते. सूट द्यावीच लागते, हे खरे. पण ती देताना या माणसांची यादी आधी करावी. लस असेल तर ती त्यांना आधी द्यावी, साधने द्यावीत, वारंवार त्यांचीही चाचणी करावी. सिडनीला हे शहाणपण फार महागात मिळाले.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. फळ्यावर चौदा चौकोन काढा. पहिल्या चौकोनात संसर्ग झाला असे माना आणि वर दिलेले टक्के पहिल्या, चौथ्या, पाचव्या व आठव्या चौकोनाखाली लिहा. मग एका वैमानिकाचे वेळापत्रक ठरवून त्याच्या चाचण्या कोणत्या चौकोनांत येतात, ते मुलांना मांडू द्या. प्रत्येक चौकोनात त्या दिवशी तो कोणाकोणाला भेटेल, हेही लिहायला सांगा. चाचणी कुठे फसते, हे मुले चटकन दाखवतील. ती जिथे फसते, त्या चौकोनात कोणाचे नाव लिहिलेले आहे, हे मात्र तुम्ही त्यांना विचारा.