खावटीचा हिशेब : जव्हार-मोखाड्यातील कौटुंबिक अन्ननियोजनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कुटुंबाचे अन्ननियोजन हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. त्यातील अंदाजपत्रक महिन्याचे असते. पहिल्या तारखेस वेतन येते, त्यातून किराणा, दूध, भाजी यांची तरतूद होते आणि शिल्लक पुढील महिन्यात जाते. १८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने उत्पन्न जसजसे कमी तसतसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा अधिक, असा नियम मांडला. तोही रोख उत्पन्न व रोख खर्च गृहीत धरूनच मांडलेला होता. परंतु ज्या घराचे मुख्य उत्पन्न वर्षातून एकदा, धान्याच्या रूपाने येते, त्या घराचे अंदाजपत्रक कसे असते, याचा विचार इतिहासलेखनात क्वचितच झाला आहे. प्रस्तुत निबंधात पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात हा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

या प्रदेशात 'खावटी' हा शब्द सर्वपरिचित आहे. खाण्यापुरते धान्य, विशेषतः पावसाळ्यातील तुटीच्या दिवसांत उसने घेतलेले धान्य, असा त्याचा अर्थ. येथील अन्ननियोजनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी खावटीचा, म्हणजेच ती कोणी, कोणत्या अटीवर दिली याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. मोखाडा मात्र ब्रिटिश अमलात शहापूर तालुक्याला जोडलेला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला व दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी जमातींची लोकसंख्या येथे नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. पाऊस भरपूर, परंतु जमीन डोंगरउताराची व पाणी न धरणारी. त्यामुळे खरिपाच्या एकाच हंगामावर वर्ष काढावे लागते. सखल खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई, उडीद, तूर व खुरासणी अशी पिकांची विभागणी आढळते.

वर्षाचे अंदाजपत्रक

या पीकरचनेत घरातील अन्नाची तरतूद दडलेली आहे. भाताला बाजार होता. खंड, देणे व मीठ-कापडासाठी तोच बाहेर जाई. नागलीला सहसा कीड लागत नाही व ती दीर्घकाळ टिकते, म्हणून शेणाने सारवलेल्या कणगीत ती पावसाळ्यापर्यंत राखली जाई. कोणते धान्य कोणत्या क्रमाने संपवावयाचे, बियाण्याला किती ठेवावयाचे, पाहुण्यास व सणास किती काढावयाचे, हे निर्णय घरातील स्त्री घेत असे. सुगीनंतर भात व भाकर. फाल्गुनापासून मोह, करवंदे, आंबा, फणस यांचा आधार. आणि आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला की भाकरीऐवजी आंबील व पेज, असा हा क्रम होता. मोजक्या भाकरींच्या पिठात साऱ्या घराची आंबील होते, हे त्यामागचे साधे गणित होय.

पावसाळ्यातील तूट रानातून भरून काढली जाई. शेवळा, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, खेकडे, ओढ्यातील मासे ही त्या दिवसांतील पुरवणी होती. कडू कंदासारखे कंद राखेसह उकडून व पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढावा लागतो. हे ज्ञान पिढ्यान्पिढ्या स्त्रियांकडे राहिले. कोवळ्या भाजीचा विधी झाल्याखेरीज नवी रानभाजी न खाणे, कणसरी या धान्यदेवतेची पूजा झाल्याखेरीज नवे धान्य न खाणे, या वारली परंपरांचा धार्मिक अर्थ आहेच. शिवाय कोवळी रोपे व न पिकलेले धान्य अकाली ओरबाडले जाऊ नये, असा अर्थही त्यातून काढता येईल.

या नियोजनाची एक किंमतही होती. आंबील पातळ होऊ लागली की सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला सर्वांत कमी येई. आणि भाताच्या आवणीचे चिखलातील कष्ट नेमके त्याच दिवसांत असत. गर्भवती स्त्री व अंगावर पिणारे मूल यांच्यावर त्याचा परिणाम होणे अपरिहार्य होते.

सावकारी खावटी

तूट रानानेही भरून निघाली नाही की सावकाराकडे जावे लागे. धान्याच्या कर्जाची प्रचलित पद्धत 'दिढी' ही होती, म्हणजे पावसाळ्यात एक मण घेतल्यास सुगीत दीड मण परत करावयाचा. तिचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कुटुंबाची वार्षिक गरज २० मण व पीक १८ मण आहे असे मानू. पहिल्या वर्षी ते २ मण घेईल. दुसऱ्या वर्षी तेवढेच पीक येऊनही ३ मण फेडल्यावर १५ मण उरतील आणि तूट ५ मणांची होईल. तिसऱ्या वर्षी साडेसात मण फेडावे लागल्याने तूट साडेनऊ मणांवर जाईल. या कुटुंबाने एक घासही अधिक खाल्लेला नाही, उधळपट्टी केलेली नाही. तरीही तीन वर्षांत त्याचे जवळजवळ निम्मे अन्न सावकाराचे झाले. 'पालेमोड' पद्धतीत तर उभ्या पिकावरच उचल दिली जाई व पीक हाती येताच ते स्वस्त दराने सावकाराच्या स्वाधीन करावे लागे.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात आदिवासींच्या कर्जबाजारीपणाची व वेठीची गंभीर नोंद आढळते. डहाणू-उंबरगाव भागात १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्धच्या या लढ्यात दिवसाला बारा आणे मजुरीची मागणी पुढे आली. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात त्याची हकीकत सांगितली आहे. उठावाचे मुख्य क्षेत्र जव्हार-मोखाड्याच्या पश्चिमेस असले, तरी मजुरीचा दर हा अखेर चुलीचा प्रश्न आहे, हे त्यातून प्रथमच सार्वजनिकरीत्या मांडले गेले.

शासकीय खावटी

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सावकाराची जागा घेण्याचा प्रयत्न केला. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या राज्य अधिनियमाने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी शेतमाल व वनोपज यांच्या एकाधिकार खरेदीस आधार दिला. १९७८ पासून खावटी कर्ज योजना सुरू झाली. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, वर्षाच्या अंदाजपत्रकातील नेमकी तूट शासनाने ओळखली होती आणि तिचे लोकभाषेतील नावही जसेच्या तसे स्वीकारले होते. मात्र कर्ज हे कर्जच राहिले. ज्या घराचे पीकच गरजेपेक्षा कमी, त्याची परतफेड पुन्हा पुढील वर्षाच्या अन्नातूनच होणार होती.

दरम्यान रोजगाराचे स्वरूप बदलले. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जावयाचे, तेथे आठवड्याला 'खर्ची' घ्यावयाची आणि पावसाच्या तोंडावर हिशेब करून परतावयाचे, हा अनेक कुटुंबांचा वार्षिक क्रम झाला. कातकरी समाजात त्याचे प्रमाण विशेष आहे. खर्चीतून दररोजचे पोट भरते. परंतु उचल व खर्ची वजा जाता हाती थोडेच उरते. पूर्वी दिढी धान्यात मोजली जाई, ती आता श्रमात मोजली जाऊ लागली.

१९९२ नंतर

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी हा प्रदेश राज्यभर चर्चेत आला. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य गटास दरमाणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ मध्ये गर्भवती व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळच्या चौरस आहाराची तरतूद झाली. शेवटी जेवणाऱ्या स्त्रीचे ताट घराच्या तुटीपासून वेगळे काढण्याचा विचार या योजनेत दिसतो, म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. तथापि २०१६ मध्ये मोखाड्यातील कुपोषण पुन्हा बातम्यांचा विषय झाले.

या प्रत्येक वेळी 'आदिवासी मातांना आहाराचे ज्ञान नाही' असे स्पष्टीकरण कोठून ना कोठून पुढे येते. वर दिलेला इतिहास त्यास पुष्टी देत नाही. रेशनवरील तांदूळ व गहू यांनी पोटाला आधार दिला, हे निर्विवाद आहे. परंतु १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नागली याच काळात ताटातून मागे सरली. २०२० मध्ये करोनाकाळात खावटी अनुदान म्हणून प्रतिकुटुंब ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, मंजूर झाले. त्यास परतफेडीची अट नव्हती, ही मोठी सुधारणा होय. वस्तूंमध्ये कडधान्ये, डाळी, तेल, साखर, मीठ, मसाला व चहा होता. नागली किंवा वरई नव्हती.

समारोप

जव्हार-मोखाड्यातील स्त्रीने अन्नाचे अंदाजपत्रक नेहमीच केले आहे. त्याचे एकक महिना नसून वर्ष आहे, चलन पैसा नसून धान्य आहे, आणि राखीव निधी बँकेत नसून कणगीत व रानात आहे. हे अंदाजपत्रक कोलमडले ते प्रामुख्याने व्याज, उचल व अपुरी मजुरी यांमुळे. म्हणून आहारशिक्षणाचे कार्यक्रम आखताना प्रथम आषाढातील कणगी पाहिली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी हाती पडणारी, परतफेड नसलेली व स्थानिक धान्याची खावटी हा या इतिहासातून निघणारा सर्वांत साधा धोरणात्मक निष्कर्ष आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातही मासिक अंदाजपत्रकाच्या शेजारी या वार्षिक अंदाजपत्रकास स्थान मिळावयास हवे. कारण अशा घरांतून आलेले विद्यार्थी आता आपल्याच वर्गांत बसलेले असतात.