इंग्रजीतील विध्यर्थी कर्मणी रचना व तरभावी विशेषण

‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारखे शक्यता, परवानगी वा कर्तव्य दर्शविणारे सहायक क्रियापद, त्यामागून ‘बी’, त्यानंतर मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आणि अखेरीस ‘वाइडर’, ‘क्लीनर’, ‘मोअर युसफुल’ असे तुलना दाखविणारे विशेषण, या क्रमाने सिद्ध होणारी इंग्रजी वाक्यरचना. ‘द रोड मस्ट बी मेड वाइडर’ हे तिचे अगदी साधे उदाहरण होय. सरकारी पत्रव्यवहार, न्यायालयांचे निकाल, अभियंत्यांचे अहवाल आणि वृत्तपत्रांचे अग्रलेख यांत ती पदोपदी भेटते. शालेय व्याकरणांत मात्र तिला स्वतःचे घर नाही. हिंदुस्थानातील अनेक पिढ्या ज्यांवर पोसल्या त्या नेस्फील्डच्या व्याकरणमालेत आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या पी. सी. रेन यांनी मार्टिन यांच्यासह सिद्ध केलेल्या सुप्रसिद्ध पुस्तकातही प्रयोगाचे प्रकरण एकीकडे आणि विशेषणांच्या तर-तम भावाचे प्रकरण दुसरीकडे अशी विभागणी असल्यामुळे, ही दोन्ही प्रकरणे तोंडपाठ असलेला विद्यार्थीसुद्धा ती एका वाक्यात एकत्र आली म्हणजे अडखळतो.

हा अडखळा पाहावयास रायपूरसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. छत्तीसगडावर बिंबाजी भोसल्यांचा अंमल १७५८ पासून रतनपुरास होता. पुढे सुभेदारांची राजवट आली, आणि १८१८ नंतर नागपूरकर भोसल्यांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने कचेरी रतनपुराहून रायपुरास हलविली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत मराठी ही येथील सत्तेच्या गोटातली भाषा होती. त्यानंतर हुकूम, दाखले आणि अहवाल हळूहळू इंग्रजीच्या हाती गेले. १९५६ पर्यंत रायपूर ज्या मध्यप्रदेशात मोडत असे त्याची राजधानी नागपूर असून हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राज्यभाषा होत्या. अशा गावी तात्यापारा या वस्तीतील मुलगा घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि परीक्षेत इंग्रजी बोलतो, आणि या चारही भाषांची तुलना करण्याची व कर्तव्य सांगण्याची रीत वेगवेगळी आहे. त्याच्या उत्तरपत्रिकेतील चुका अज्ञानापोटी जितक्या होतात त्याहून अधिक, तीन भाषांचे व्याकरण चौथीत प्रामाणिकपणे पाळल्यामुळे होतात, असे म्हणणे वावगे होणार नाही.

मराठीतील ‘करावा’ हे रूप संस्कृतातील ‘तव्य’ प्रत्ययान्त कृदन्ताचे वंशज आहे. ते मुळातच कर्मणी असल्यामुळे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते: रस्ता रुंद करावा, वाट रुंद करावी, तळे खोल करावे, आणि कर्ता तृतीयेत सुखाने वाक्यात राहू शकतो: नगरपालिकेने रस्ता रुंद करावा. इंग्रजीला जे सांगण्यास ‘मस्ट’, ‘बी’ आणि ‘मेड’ असे तीन शब्द लागतात, ते मराठी एका शब्दात सांगते. शक्यता सांगावयाची असल्यास मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून आजतागायत शिकविला जाणारा शक्य कर्मणी प्रयोग आहे, अथवा ‘करता येईल’ ही रोजची सोय आहे. हिंदी व छत्तीसगढी या कामी अनुक्रमे ‘चाहिए’ व ‘चाही’ यांची मदत घेतात.

तुलनेच्या बाबतीत अंतर याहून मोठे आहे. पाणिनीने दोहोंतील तुलनेसाठी ‘तरप्’ व ‘ईयसुन्’ हे दोन प्रत्यय सांगितले. त्यांपैकी दुसरा, जो ‘श्रेयस्’, ‘गरीयस्’ यांत दिसतो, तो आणि इंग्रजी ‘वाइडर’मधील अन्त्य प्रत्यय हे भाषाशास्त्रदृष्ट्या एकाच मूळ प्रत्ययाचे दोन फाटे आहेत. परंतु मराठीने हा वारसा ‘उच्चतर’सारख्या ग्रांथिक शब्दांपुरता ठेवून व्यवहारात विशेषणाला हात लावणे सोडून दिले: हे तळे त्या तळ्यापेक्षा स्वच्छ आहे, एवढे म्हटले की तुलना पुरी झाली. हिंदीत तेच काम ‘से’ करतो, छत्तीसगढीत ‘ले’: ‘ओ मोर ले बड़े हे’. रायपुरातच वाढलेल्या हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे पहिले व्याकरण रचले आणि भाषाशास्त्रज्ञ ग्रीअर्सनने ते इंग्रजीत आणून १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापविले, हे या गावाने अभिमानाने सांगावे असे आहे. चारांपैकी तीन भाषांत विशेषण निर्विकार राहत असल्यामुळे येथील विद्यार्थी ‘दिस टँक शुड बी केप्ट क्लीन दॅन दॅट’ असे निःशंकपणे लिहितो. आणि गुरुजींनी एकदा रागे भरल्यावर पुढील वेळी ‘मोअर क्लीनर’ लिहून दोन्ही देवांना नैवेद्य दाखवितो.

आता रचनेच्या अंतरंगाकडे. ‘वी मस्ट मेक द रोड वाइडर’ या कर्तरी वाक्यात ‘वाइडर’ हे कर्माचे पूरक आहे. वाक्य कर्मणी झाले म्हणजे कर्म कर्त्याच्या जागी येते आणि पूरक जागचे न हलता नव्या कर्त्याचे पूरक बनते. म्हणून तेथे विशेषणच हवे, क्रियाविशेषण नव्हे. ‘मस्ट बी मेड मोअर वाइडली’ हे अशुद्ध. ही सोय ‘मेक’, ‘कीप’, ‘कन्सिडर’ अशा, कर्मासोबत पूरकाची अपेक्षा धरणाऱ्या क्रियापदांनाच आहे. याउलट ‘दिस मे बी बेटर अंडरस्टुड’ यातील ‘बेटर’ क्रियाविशेषण असून ते ‘बी’ आणि धातुसाधित यांच्यामध्ये बसते. ‘कन्सिडर’च्या वर्गातील क्रियापदे तर आणखी एक गुंता आणतात: ‘दिस वेल मे बी कन्सिडर्ड सेफर’ या वाक्यात विहिरीत काहीच बदल होत नाही, बदलते ते केवळ मत, ‘मे बी मेड सेफर’मध्ये मात्र कुणाला तरी विहिरीवर कठडा बांधावा लागेल.

रायपुरातल्या तळ्याविषयीच्या ‘बुढा तालाब शुड बी क्लीनर’ आणि ‘बुढा तालाब शुड बी केप्ट क्लीनर’ या वाक्यांत फरक एकाच शब्दाचा, पण पहिले इच्छा सांगते आणि दुसरे जबाबदारी. दुसऱ्यात ठेवणारा कुणीतरी गृहीत आहे, फक्त त्याचे नाव नाही. शिवाय स्वच्छ कशाहून, तेलीबांधा तळ्याहून की स्वतःच्या आजच्या स्थितीहून, हेही ‘दॅन’ गाळल्याने मोघम राहते. करणारा आणि माप दोन्ही एकाच वाक्यातून बिनबोभाट निघून जातात, म्हणूनच कचेरीला ही रचना इतकी प्रिय आहे. आमच्या मराठी दप्तरानेही ‘रस्त्याचे रुंदीकरण करण्यात यावे’ असे लिहून ‘रस्ता रुंद करावा’ या तृतीयेला मोकळी जागा ठेवणाऱ्या निरोगी वाक्याची छुट्टी केली आहे. ही इंग्रजी मसुद्यांची संगत नव्हे असे म्हणवत नाही. अनुवादकाने येथे कर्ता व माप मूळ मजकुरातून हुडकून काढावे, आणि ते सापडत नसतील तर तशी टीप द्यावी. संदिग्ध हुकुमाचे संदिग्ध भाषांतर म्हणजे निष्ठा नव्हे.

सर्वांत अवघड स्थळ ‘दॅन’च्या मागे दडलेल्या कर्मणी क्रियापदाचे. ‘इन द रेन्स द महानदी ब्रिंग्ज मोअर वॉटर दॅन कॅन बी स्टोअर्ड’ या वाक्यात ‘कॅन बी स्टोअर्ड’ला कर्ता दिसत नाही, तो ‘मोअर वॉटर’शी जोडलेला असून ‘दॅन’च्या पोटात गडप आहे. मराठीभाषक विद्यार्थी तो शोधू लागतो आणि ‘दॅन इट कॅन बी स्टोअर्ड’ लिहून वाक्य बिघडवितो, कारण त्याच्या भाषेत ही जागा रिकामी राहूच शकत नाही: पावसाळ्यात महानदी जितके पाणी साठविता येते त्यापेक्षा अधिक आणते. येथे ‘जितके’ आणि ‘त्यापेक्षा’ ही जोडी साखळीचे दोन्ही दुवे उघड दाखविते, आणि माप आधी येऊन वस्तुस्थिती मागून येते. इंग्रजीत वस्तुस्थिती पुढे जाते आणि माप शेपटीला राहते. शब्दशः उतरवू गेल्यास मराठी वाक्य उलटे पडते, आणि माप आधी ठेवण्याची ही रीत हिंदीतही चालत असल्याने, येथील शाळांत ती दोन्ही भाषांत शेजारी ठेवून शिकविता येते.

नकाराची गोष्ट निराळीच. ‘नीड नॉट बी मेड वाइडर’ म्हणजे रुंद करण्याची गरज नाही, ‘मस्ट नॉट बी मेड वाइडर’ म्हणजे रुंद करता कामा नये. पहिल्यात मोकळीक तर दुसऱ्यात मनाई. ‘कुड नॉट बी मेड क्लिअरर’ याचे मात्र दोन अर्थ निघतात: अधिक स्पष्ट करणे जमले नाही, किंवा इतके स्पष्ट आहे की त्यात भर घालावयास जागाच उरली नाही. मराठीत दुसऱ्या अर्थी ‘याहून स्पष्ट ते काय असणार’ असा प्रश्नार्थक थाट आहे. तो न सुचल्यास न्यायाधीशांनी प्रतिवादीच्या कैफियतीची केलेली स्तुती भाषांतरात तक्रार होऊन बसते.