मीरा-भाईंदर : खाद्यजीवन व प्रेक्षणीय स्थळे

ठाणे जिल्ह्यातील, वसई खाडीच्या दक्षिण काठावरील बहुभाषिक किनारी शहर. नगरपरिषद १९८५, महानगरपालिका २००२. लोकसंख्या ८,०९,३७८ (२०११). मूळ वस्ती कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती (पहा : कोळी), मिठागरे जुनी. शहरातील उत्तन या किनारी भागाची ओळख बोंबील. ताज्या बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतात. कडक उन्हात ते वाळतात आणि पावसाळ्याची बेगमी होते. वास नवख्याला झेपेलच असे नाही. ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाला व फुगे (तळलेले गोल पाव). भाईंदर पश्चिमेस गुजराती-मारवाडी जैन वस्तीमुळे कांदा-लसणाविना पावभाजीही मिळते. मीरा रोडच्या नयानगरात कबाब, बिर्याणी. प्रेक्षणीय : घोडबंदर किल्ला, उत्तनचा किनारा, वेलंकनी चर्च व चौक येथील धारावी किल्ला. धारावी किल्ला वसई मोहिमेत (१७३७–३९) मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला (पहा : चिमाजी आप्पा).