‘फिंगर’ : एका उपस्थितिदर्शक आज्ञावलीचे साधनमूल्य

संस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास हजेरीपटासारखे रूक्ष आणि तितकेच उपयुक्त साधन क्वचितच लाभते. कोण होते, केव्हा होते, कोणत्या नावाने नोंदले गेले, एवढेच तो सांगतो. परंतु त्यावरून पुष्कळ काही सिद्ध होते. संगणकाच्या साहाय्याने तयार होणाऱ्या सहकाऱ्यांच्या याद्यांकडे मात्र आपल्या अभ्यासकांनी अद्याप या दृष्टीने पाहिलेले नाही. म्हणून अशा याद्यांपैकी एका जुन्या व प्रसिद्ध आज्ञावलीचा, म्हणजे ‘फिंगर’चा, येथे विचार करावयाचा आहे.

१९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ही आज्ञावली लिहिली. तेथील मंडळींच्या कामाच्या वेळा अनियमित असत. कोणी रात्रभर काम करी, कोणी दुपारी उगवे. चार जणांस एकत्र बसावयाचे झाले तर कोण जागेवर आहे आणि कोण केव्हा परतेल, याचा थांग लागत नसे. प्रयोगशाळेच्या पीडीपी-१० संगणकावर ‘हू’ नावाची एक सोय होती. तीत त्या क्षणी यंत्रावर असलेल्यांची सांकेतिक अक्षरे व टर्मिनलच्या तारेचा क्रमांक एवढेच दिसे. जे यंत्रावर नसत त्यांच्याविषयी ती यादी मूक असे. लोक पडद्यावरील त्या यादीवरून बोट फिरवीत आणि ही अक्षरे कोणाची, ही तार कोणत्या खोलीत जाते, असे एकमेकांस विचारीत. आज्ञावलीचे नाव या बोटावरून पडले, असे अर्नेस्ट यांनीच पुढे सांगितले आहे.

अर्नेस्ट यांनी केलेली सुधारणा वरवर साधी दिसते. सांकेतिक अक्षरांच्या जागी खरी नावे आणि तारेच्या क्रमांकाच्या जागी खरी ठिकाणे आली. त्यासाठी त्यांना माहितीचा वेगळा संग्रह सिद्ध करावा लागला. यंत्राला जे आपोआप ठाऊक होते ते माणसाच्या उपयोगाचे नव्हते, आणि माणसाला जे हवे होते ते माणसानेच भरावयाचे होते. अशा यादीच्या विश्वसनीयतेचे मर्म येथेच आहे. ती जितकी यंत्राची तितकीच ती भरणाऱ्याच्या काळजीची.

तिच्यातील दुसरा रकाना अधिक विचारार्ह आहे. टर्मिनलवर शेवटची कळ दाबल्यास किती वेळ झाला हे ती दाखवी. अर्नेस्ट यांना प्रत्यक्ष बोलणे आवडे. तेव्हा उठून त्या खोलीपर्यंत जावे की न जावे, याचा अंदाज त्यावरून बांधता येई. परंतु हा अंदाजच होय, पुरावा नव्हे. टर्मिनलसमोर बसून तासभर कागदावर गणित सोडविणारा मनुष्य या रकान्यात अनुपस्थितच ठरतो. पुढे काही सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ‘प्लॅन’ ही फाइल जोडली गेली. आपण का नाही, कोठे सापडू, हे तीत लिहून ठेवता येई. लवकरच लोक तीत विनोद व मतप्रदर्शनही करू लागले. हजेरीपटात शेरेबाजी शिरावी तसे हे झाले, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच भाग अधिक रसाळ!

डिसेंबर १९७७ मध्ये केन हॅरेनस्टीन यांनी आर.एफ.सी. ७४२ या टिपणात या सोयीची संगणकजालावरील रीत लेखनिविष्ट केली व तिला ७९ हे द्वार नेमून दिले. त्या वेळी स्टॅनफर्ड, एस.आर.आय. व एम.आय.टी. येथील मोजकी यंत्रेच तिला उत्तर देत. एकमेकांस ओळखणाऱ्यांसाठी केलेली यादी अशा रीतीने अनोळखी लोकांस खुली झाली. याचा परिणाम २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसला. रॉबर्ट मॉरिस यांनी सोडलेल्या ‘वर्म’ने जे मार्ग वापरले त्यांत ‘फिंगर’ला उत्तर देणारी आज्ञावलीही होती. येणाऱ्या मजकुराची लांबी ती तपासत नसे. ५१२ अक्षरांच्या जागेत त्याहून अधिक मजकूर घुसवून व्हॅक्स यंत्रांचा ताबा घेता आला. दोष यादीच्या कल्पनेत नव्हता, तिच्या बांधणीत होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि डिसेंबर १९९१ च्या आर.एफ.सी. १२८८ मध्ये सुरक्षिततेस स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले, आणि कोणती माहिती बाहेर द्यावयाची याचा निर्णय प्रत्येक संस्थेने जाणीवपूर्वक घ्यावा असे त्यात सुचविले गेले. (त्याच टिपणात विक्रीयंत्राने काय उत्तर द्यावे याचेही नियम आहेत, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) पुढे बहुतेक संस्थांनी हे द्वार बंदच केले.

आता साधनमूल्याचा प्रश्न. कागदी हजेरीपट आणि ‘फिंगर’ यांत एक मूलभूत भेद आहे. हजेरीपटावर कालची नोंद आजच्या नोंदीखाली शिल्लक राहते. ‘फिंगर’ केवळ विचारल्या क्षणाचे उत्तर देते व ते जपून ठेवीत नाही. ‘प्लॅन’ फाइलचेही तसेच. नवा मजकूर लिहिला की जुना गेला. म्हणजे त्या प्रयोगशाळेत अमुक रात्री कोण होते, हे त्या रात्री कोणासही एका ओळीत कळले असते. आज ते सांगणारा कागद मात्र उरत नाही. जे उरले ते वाचकांनी उतरून घेतले म्हणून. इड सॉफ्टवेअर या खेळनिर्मात्या संस्थेतील जॉन कार्मॅक यांनी १९९६ पासून ‘प्लॅन’मध्ये लिहिलेली कामाची टिपणे आज वाचावयास मिळतात. त्यांत दिवसाची कामे, दुरुस्त्या व अधूनमधून प्रांजळ कबुल्या आहेत. ती यंत्राने राखलेली नाहीत. बाहेरून ‘फिंगर’ करून पाहणाऱ्या चाहत्यांनी ती वेळोवेळी नकलून ठेविली होती.