‘स्मशानातील सोनं’: भीमाचे नैतिक दायित्व

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे वाटेगाव त्यांच्या जन्मकाळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या वारणाकाठावरून मुंबईकडे गेलेल्या श्रमिकांपैकीच एक म्हणजे ‘स्मशानातील सोनं’ या कथेचा नायक भीमा. त्याच्या शोकांतिकेचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न या कथेच्या आकलनात कळीचा ठरतो.

उपनगरातील दगडाची खाण बंद पडते आणि भीमा बेकार होतो. चितेच्या राखेत सोने सापडल्यावर तो राख चाळू लागतो. पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. अखेर एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून मिळवलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती कापावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

या कथेचे दोन सोपे अर्थ संभवतात. पहिल्या अर्थानुसार भीमा परिस्थितीचा बळी आहे, दुसऱ्यानुसार त्याला लोभाचे फळ मिळाले. संहिता दोन्ही अर्थांना पुरून उरते. खाण बंद होणे आणि सुरू होणे, यांपैकी काहीही भीमाच्या हाती नाही. मात्र राखेपासून प्रेतापर्यंतचे प्रत्येक पाऊल तो स्वतः उचलतो. पत्नीच्या भयाला तो युक्तिवादाने उत्तर देतो. समर्थन करणारा माणूस निवड करीत असतो. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत त्याचा ‘प्रमाद’ शोधायचा झाल्यास तो आपल्या शरीरबळावरील निःशंक विश्वासात सापडेल. ज्या बळाने त्याने पहाड फोडला, त्याच बळाने तो थडगी उकरतो. म्हणूनच शेवटी जाते ती श्रमाचे साधन असलेली बोटे. वार्तेचा योगायोग कृत्रिम वाटू शकतो. परंतु त्याच्यामुळेच गमावलेल्या बोटांचे मोल भीमाला आणि वाचकाला एकाच क्षणी कळते.

येथे इतिहासाचा संदर्भ निर्णायक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच अपराधाचा पुरावा मानला. कृती नंतर, दोष आधी. हजेरीचा हा जाच ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत येतो. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण जन्मावरून दोष ठरविण्याची ती दृष्टी लगेच सरली नाही. अशा वेळी भीमाला केवळ बळी ठरविणे म्हणजे त्याची निर्णयक्षमता दुसऱ्या मार्गाने नाकारणे होय. अण्णा भाऊ त्याला कृतीचा कर्ता मानतात. दायित्व देणे हा येथे माणूसपण मान्य करण्याचाच एक प्रकार आहे.

फकिराशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. फकिरा भुकेल्या समाजासाठी लूट करतो आणि आपल्या माणसांसाठी स्वतःला शत्रूच्या स्वाधीन करतो. त्याच्या कृतीला समूहाची मान्यता आहे. भीमाची कृती घरापुरती आणि गुप्त आहे. वारणाकाठची वस्ती मागे राहिली, महानगरात त्याच्या अपराधाला वाटेकरी नाही. त्यामुळे फकिराचा मृत्यू वीरगाथा होतो आणि जिवंत उरलेल्या भीमाचे रडणे शोकांतिका होते.

तात्पर्य, भीमा आपल्या कृतीला जबाबदार आहे. त्या कृतीखेरीज दुसरी वाट न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्याने कमी होत नाही. या दोन विधानांपैकी एक गाळले, तर कथा एकतर प्रचार ठरते किंवा बोधकथा.