थेंबभर रक्ताची साक्ष

इ. स. 1963 च्या पावसाळ्यात कलकत्ता शहरात तापाची एक विलक्षण साथ पसरली. अंग मोडून काढणारा ताप, सांध्यांतील असह्य वेदना आणि काही रोग्यांत रक्तस्राव, अशी तिची लक्षणे होती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे दोन विषाणू त्या नगरीत एकाच वेळी वावरत होते. दोघांचा वाहकही एकच, एडिस जातीचा डास. खाटेवरचा रोगी यांपैकी कोणाच्या तावडीत सापडला आहे, हे केवळ नाडी पाहून सांगणे कोणाही वैद्याला शक्य नव्हते.

हा भेद निव्वळ पंडिती कुतूहलाचा नव्हता. चिकुनगुन्या सांधे धरतो, महिनोन्महिने छळतो, परंतु प्राण क्वचितच घेतो. डेंग्यूची रीत निराळी. त्यात ताप उतरू लागतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रोगी अत्यवस्थ होण्याचा संभव असतो. म्हणून ताप उतरण्यापूर्वी निदान होणे, यातच सारे मर्म होते.

त्या काळी निदानाचे साधन होते उंदराचे तान्हे पिलू. 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. 1978 पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. रोग्याचा रक्तरस पिलाच्या मेंदूत टोचावयाचा, ते आजारी पडते काय हे दिवसेंदिवस पाहावयाचे, आणि मग विषाणूची ओळख पटवावयाची, अशी ही पद्धती. शास्त्राला तिने मोठे ज्ञान दिले. परंतु उत्तर हाती येईपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असे, किंवा जगातून गेलेला असे.

1971 साली स्टॉकहोम येथे एव्हा एंग्वाल आणि पेटर पेर्लमान यांनी एलायझा ही परीक्षा सिद्ध केली. तिच्या साह्याने रक्तातील प्रतिपिंडे काही तासांत ओळखता येऊ लागली. तरीही एक अडचण उरलीच. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने शत्रूला दिलेले उत्तर. ते तयार होण्यास साधारणतः चारपाच दिवस लागतात. शिवाय डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातले असल्याने एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटते आणि परीक्षकाला चकविते.

दरम्यान एक निराळाच प्रवाह वाहत होता. 1962 साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विद्युदग्रावर विकराचा थर बसवून रक्तातील साखर मोजण्याची कल्पना मांडली. जैवसंवेदकाचा जन्म तो हाच. एखादा पदार्थ अचूक ओळखणारा जैव रेणू आणि त्या ओळखीचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारे यंत्र, हे त्याचे दोन घटक. मधुमेह्याच्या घरी पोहोचलेले साखर मोजण्याचे यंत्र याच कुळातले.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते डेंग्यूच्या ‘एनएस-1’ या प्रथिनामुळे. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडतात आणि तापाच्या पहिल्या दिवसापासूनच ते सापडू शकते. शरीराच्या उत्तराची वाट न पाहता शत्रूचीच खूण पकडावयाची, असा हा मार्ग. त्यावर आधारलेल्या साध्या पट्ट्या आता दवाखान्यांत वापरल्या जातात. प्रयोगशाळांतील संवेदक आणखी पुढे जाऊ पाहतात: सोन्याच्या विद्युदग्रावर प्रतिपिंडे बसवितात, एनएस-1 त्यांना चिकटताच विद्युत्प्रवाहाच्या मार्गात पडणारा फरक मोजतात.

तथापि पूर्वी एकदा डेंग्यू झालेल्या माणसात हे प्रथिन लवकर झाकले जाते, आणि ‘नाही’ हे उत्तर नेहमीच खरे ठरत नाही. 1973 साली बार्शीत थैमान घालून गेलेला चिकुनगुन्याही तीन दशके जवळजवळ अदृश्य राहून 2005-06 साली देशभर परतला. विषाणू विसरत नाही, एवढेच त्याने शिकविले. पिलाच्या मेंदूपासून सोन्याच्या विद्युदग्रापर्यंतचा हा सारा इतिहास गमावलेले दिवस परत मिळविण्याचा आहे. कारण तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईजवळ दिवस मोजकेच असतात.