तांदळावरची बुरशी

तांदळाला बुरशी लागली, की तो उन्हात घालावा किंवा टाकून द्यावा, याखेरीज त्याची तिसरी काही गती संभवते असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. परंतु हृदयाच्या रोहिण्या अरुंद होऊन जो रोग जडतो, त्यावरील ज्या ‘स्टॅटिन’ नावाच्या औषधांनी गेल्या काही दशकांत असंख्य माणसांचे आयुष्य लांबविले, त्यांचा उगम क्योटो येथील एका धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावरच्या अशाच एका बुरशीत आहे.

या कथेतील संशयित फार जुना. पित्ताच्या खड्यांत सापडणाऱ्या स्निग्ध पदार्थाला शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले, तेच पुढे कोलेस्टेरॉल म्हणून रूढ झाले. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह याने ते सूर्यफुलाच्या तेलात कालवून सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांच्या आतल्या अंगास मेदाची पुटे चढलेली दाखविली; पण पाला खाणाऱ्या सशाची साक्ष माणसाच्या बाबतीत ग्राह्य कशी धरावी, हा आक्षेप सहजासहजी निकाली निघाला नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीचे दप्तर वर्षानुवर्षे ठेवण्यास आरंभ झाला, तेव्हा कोठे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध मनुष्यांच्या नोंदींवरून दिसू लागला.

तथापि संबंध सिद्ध होणे निराळे आणि उपाय सापडणे निराळे. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल हे कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध मोठ्या गाजावाजाने बाजारात आले आणि रोग्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उत्पन्न झाल्यामुळे, शिवाय प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रतिकूल तपशील दडविल्याचे उघडकीस आल्यामुळे, १९६२ मध्ये मागे घ्यावे लागले. क्लोफायब्रेट या दुसऱ्या औषधाची कैफियत याहूनही बोधप्रद आहे: एडिंबरो, बुडापेस्ट आणि प्राग या तीन शहरांतील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात औषध घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, हृदयविकाराचे झटकेही घटले, आणि तरीही त्यांच्यात एकंदर मृत्यू मात्र अधिक भरले. रक्तातला आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, असा जमाखर्च मांडता येत नाही, हा धडा वैद्यकाने अशा रीतीने मोठे मोल देऊन घेतला.

याच काळात जपानच्या अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेला आणि लहानपणापासून बुरशांचे कुतूहल बाळगणारा अकिरा एन्डो सांक्यो या औषधकंपनीत काम करीत होता. शरीरात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या एन्झाइमला अडविणारे द्रव्य एखादी बुरशी स्वसंरक्षणार्थ निर्माण करीत असेल, या तर्काने त्याने १९७१ पासून सुमारे सहा हजार जातींची झडती घेतली आणि १९७३ मध्ये क्योटोच्या त्या तांदळावरील पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन वेगळे काढले. उंदरांवर त्याचा काही परिणाम दिसेना, तेव्हा प्रकरण जवळजवळ बंदच व्हायचे. पण पुढे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांनी अनुकूल साक्ष दिली. कुत्र्यांवरील प्रयोगांत अपाय झाल्याच्या शंकेने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचे काम थांबविण्यात आले. तोवर एन्डो कंपनी सोडून विद्यापीठात रुजू झाला होता, आणि बाजारातील पहिल्या स्टॅटिनचा मान दुसऱ्या बुरशीतून निघालेल्या, अमेरिकेतील मर्कच्या लोवास्टॅटिनला १९८७ मध्ये सरकारी मंजुरीसह मिळाला.

ही औषधे कार्य कसे करतात, याचा उलगडा ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या ज्या संशोधनाने झाला, त्याला १९८५ चे नोबेल पारितोषिक लाभले: यकृताची स्वतःची निर्मिती रोखली, की त्याच्या पेशी आपल्या पृष्ठावरील कोलेस्टेरॉल पकडणारे ग्राही (रिसेप्टर) वाढवून रक्तातले कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेऊ लागतात. परंतु क्लोफायब्रेटने पेरलेला संशय केवळ उपपत्तीने फिटण्यासारखा नव्हता. तो फिटला १९९४ मध्ये, उत्तर युरोपातील हृदयरोगाच्या ४,४४४ रुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनच्या चाचणीने. निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी १८२. आणि अन्य कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत वाढ झाली नाही.

दोन्ही गटांची संख्या जवळजवळ सारखीच होती, तेव्हा फरक चौऱ्याहत्तर जिवांचा. हे चौऱ्याहत्तर कोण, हे त्यांच्या वैद्यांना कळले नाही आणि त्यांना स्वतःलाही कळणे शक्य नव्हते. ज्याचा झटका टळला, त्याच्या आयुष्यात तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवला आणि मावळला. म्हणून या उपकाराची पावती कोणा एकाच्या नावावर फाडता येत नाही, आणि रात्री जेवणानंतर मुकाट्याने गोळी गिळणारा मनुष्य आपण त्या चौऱ्याहत्तरांतले आहोत की नाही, हे न जाणताच झोपी जातो.